बरकतीची ओंजळ

मेर्सिन, १४ नोव्हेंबर २००४

वहिनी,

सगळ्यांना सलाम. हे पत्र दादाला लगेच दाखवू नकोस. आधी तू वाच, मग त्याला चहा दे, आणि तो पाय पसरून बसला की सांग.

आपला माल परत येतोय. पहिला ट्रक बंदरावर उतरला तेव्हा कंपनीच्या जेमालसाहेबांनी नेहमीसारखा पातेलंभर घेवडा शिजत टाकायला लावला. बहुतेक दाणे लोण्यासारखे झाले आणि मधूनमधून असे निघाले की दाताखाली खडा यावा. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "असिलकान, तुझ्या गावच्या बायका घेवडा पाठवतात की बंदुकीचे छर्रे?" सगळे हसले, मीही हसले, आणि मग न्हाणीघरात जाऊन रडले. इतकी वर्षं इथे तुर्कस्तानात दुभाष्याचं काम करतेय, गावासाठी एवढी एकच गोष्ट केली होती गं मी. बियाणं कंपनीचं, मेहनत आपल्या चाळीस घरांची, निघेल तेवढा माल त्यांनी घ्यायचा. हा करार नीट चालला तर आपली पोरं रशियात विटा उचलायला जायची थांबतील, असं मीच सभेत सांगितलं होतं.

इथले लोक म्हणतात, दोष यंदाच्या पिकाचा नाही. गेल्या वर्षी आपण सगळ्यांनी मिळून सामायिक शेतात जे मूळ बियाणं पेरलं, त्यातच दुसरा पांढरा घेवडा मिसळला होता. त्याचंच बी यंदा घरोघर गेलं. मी स्वतः तिथे होते! दुसरा एक दाणाही यात पडता कामा नये म्हणून मी सगळ्यांना नानवर हात ठेवायला लावला होता. भाकरीची शपथ कोण मोडेल?

साहेबांचं म्हणणं, ज्या घरानं मिसळलं ते शोधा, गटातून काढा, तर नवं बियाणं देतो. नाहीतर करार संपला.

मला एक आठवतंय. तुझी शेजारीण गुलिझार परसात एक लहान पांढरा घेवडा लावते, तिच्या आजीनं कॉकेशसहून हद्दपारीत येताना पदरात बांधून आणलेला. तिच्याकडून तर नाही ना झालं? तू शेजारी राहतेस, तुला ठाऊक असेल. पोस्टातल्या फोनवर बोलू नकोस, तिथे रांगेतल्यांचे कान फार लांब असतात. ट्रकवाल्याबरोबरच लिहून पाठव.

तुझी असिलकान

*

चोंग-बेल, ५ डिसेंबर

अहो शहाण्या वन्सं,

चहा दिला, पाय पसरायला लावले, तरी व्हायचं ते झालंच. तुमचे भाऊ दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मेंढीचा रस्सा केला तेव्हा मात्र दोनदा मागून घेतला, तेव्हा त्यांची फार चिंता नको. गटाचा प्रमुख व्हायची हौस कुणाला होती? आता रस्त्यात माणसं त्यांना सलाम घालायच्या आधी "ट्रक कुठवर आला?" असं विचारतात.

पोती आली. आता आम्ही सकाळ-संध्याकाळ घेवडाच खातोय. कलिपाच्या सासऱ्यांचा एकच दात शिल्लक होता, तो तुमच्या छर्‍यानं गेला. कलिपा म्हणते, कंपनीकडून दाताची भरपाई मागा.

तुम्ही गुलिझारचं विचारलंत. तिच्या परसात तो घेवडा आहे, हे खरं. पोती पेरणीच्या आदल्या दिवसापासून आपल्याच अंगणात होती, हेही खरं. अंगणाला दार नाही आणि शेजारचं येणंजाणं असतंच. आता मी काय सांगू? असेल. नसेलही. मी काही पाहिलं नाही.

इथे हिव कडाक्याचं आहे. तुमच्यासाठी लोकरीचे मोजे पाठवतेय. तिकडे उकडतं म्हणून दुसऱ्या कुणाला देऊन टाकू नका.

तुमची बुरुल वहिनी

*

मेर्सिन, २४ डिसेंबर

वहिनी,

मोजे पोचले. इथे लोक अजून अर्ध्या बाह्यांत फिरतात, पण मी घरात घालते.

"असेल" म्हणालीस तेवढं पुरे झालं. तू कुणाचं वाईट चिंतणारी नाहीस, म्हणून तुझं "असेल" मला दुसऱ्याच्या शपथेपेक्षा जड वाटतं. मी जेमालसाहेबांना लिहून दिलं: गुलिझारचा नवरा बिनाली, त्याच्या घरचा घेवडा बियाण्यात मिसळला, बहुधा चुकून. चुकून हा शब्द मी मुद्दाम घातला. साहेबांनी तेवढा शब्द सोडून बाकीचं वाचलं. ते खूश आहेत. वसंतात नवं बियाणं येईल. फक्त सभा घेऊन ते घर गटातून कमी केलं, एवढं दादानं कळवायचं.

वाईट वाटतंय. लहानपणी मी गुलिझारच्या आईच्या हातचं किती खाल्लंय. पण एका घरासाठी एकोणचाळीस घरं बुडवायची का? त्यांना म्हणावं, दोन-तीन वर्षांनी सगळं शांत झालं की परत घेऊ.

असिलकान

*

चोंग-बेल, २० जानेवारी २००५

वन्सं,

सभा झाली. शाळेत झाली, कारण तिथे शेगडी आहे.

तुमच्या भावांनी तुमचं पत्र वाचून दाखवलं. मग कलिपाच्या नवऱ्यानं विचारलं, "बिनाली, तुमच्याकडे तो घेवडा आहे की नाही?"

बिनाली टोपी हातात घेऊन उभा राहिला. "आहे. हिच्या आजीचा आहे. आम्ही सूपात घालतो."

"मग सूपातच घाला की! आमच्या पोत्यात कशाला?"

लोक हसले. बिनाली म्हणाला, "आम्ही घातला नाही. मी तरी घातला नाही." आणि त्यानं गुलिझारकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. ती उठली. मला वाटलं, आता ही तोंड सोडणार. तुम्हाला ठाऊक आहे तिचं तोंड, पाण्याच्या पाळीवरून तिनं पाटकऱ्याला कसं रडवलं होतं. पण ती काही बोललीच नाही. सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, माझ्यावर जरा थांबली, आणि मान खाली घालून बसली.

मागून कुणीतरी म्हणालं, गप्प बसली म्हणजे कबूल. मग हात वर करायला सांगितले. फार भराभर झालं. इतर वेळी पाटाची दुरुस्ती कुठल्या दिवशी करायची यावर आमची तीन-तीन दिवस भांडणं होतात. माझाही हात वर गेला, वन्सं. कुणी ओढला नाही, आपणहून गेला.

आता ती आमच्या सामायिक तंदूरवर येत नाही. घरातच तव्यावर काहीतरी भाजते. कुंपणापलीकडे तिची पाठ दिसली की मी आत जाते. झोप चांगली लागत नाही, वय झालं असेल.

एक सहज विचारते. तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून. एखाद्या ओंजळीनं एवढं सगळं पीक बिघडतं का हो?

बुरुल

*

मेर्सिन, १२ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र मी परत परत वाचलं. "सहज विचारते" असं तू आयुष्यात कधी सहज विचारलेलं नाहीस. मी शाळेत असताना तू "सहज विचारते, तो पोरगा कोण?" असं विचारलंस आणि आठवड्यात माझं सायकलवर फिरणं बंद झालं.

म्हणून मी गोदामात गेले. आपल्या मालातला कडक दाणा त्यांनी नमुन्यासाठी बरणीत ठेवलाय. मी मूठभर मागून आणला आणि भिजत घातला. कोरडे असताना सगळे सारखेच पांढरे दिसतात. भिजल्यावर एक लांबट झाला, एक गोल, एकाची साल सुरकुतली, एकाच्या डोळ्याशी पिवळी कड निघाली. वहिनी, हा एका घरचा घेवडा नाही. कुठल्याही एका घरात इतके प्रकार नसतात. आणि एका ओंजळीनं काही बिघडत नाही. हे पुष्कळ ओंजळींचं काम आहे.

मी कागदावर बिनालीचं नाव लिहून दिलंय. माझी सही आहे त्याखाली. तुला काय ठाऊक आहे ते मला सांग. माझ्या डोक्याची शपथ आहे तुला. आणि या खेपेला मोजे, दात, रस्सा यांचं काही लिहू नकोस.

असिलकान

*

चोंग-बेल, १७ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र येऊन दोन आठवडे झाले. ते उशीखाली ठेवून मी रोज उद्या लिहीन म्हणत होते. आता लिहिते, कारण आता लपवायला काही उरलं नाही.

मी टाकली होती. पेरणीच्या दिवशी पहाटे, पोत्याचं तोंड सोडून, आपल्या घरच्या घेवड्याची ओंजळ.

तुम्ही गाव लवकर सोडलंत, म्हणून कदाचित तुम्हाला माहीत नसेल. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे तुमच्याच आईनं, मला नवी नवरी असताना शिकवलं होतं: सामायिक शेतात बी पडायच्या आधी घरच्या बाईनं आपल्या कोठीतली ओंजळ त्यात मिसळायची. पुरुषांना सांगायचं नाही. ज्या घरची ओंजळ त्यात नसेल त्या घराची बरकत शेताबाहेर राहते. सामुदायिक शेतांच्या काळात पार्टीचे साहेब बांधावर उभे असायचे, तरी आम्ही टाकायचो. तुम्ही नानवर हात ठेवायला लावलात तेव्हा मीही ठेवला. पण मनात म्हटलं, एवढ्या पोत्यांत एक ओंजळ ती काय! आणि आपलंच घर बरकतीबाहेर ठेवायचं, तेही प्रमुखाचं?

म्हणून तुम्ही गुलिझारचं नाव घेतलंत तेव्हा मी "असेल" लिहिलं. मला ठाऊक होतं मी काय केलंय. मी खोटं बोलले नाही, फक्त एक शब्द असा ठेवला की तुम्ही त्यावर पाय देऊन पुढे जाल. याला काय म्हणतात ते माझं मला कळतं.

परवा नूरुझच्या सणाला सुमोलोकची खीर करायची म्हणून गहू भिजवायला सगळ्या बायका आपल्याकडे जमल्या. प्रत्येकीनं वाडगाभर गहू आणला होता. घंगाळात एकेक वाडगं रितं होताना बघवेना मला. मी मध्येच उभी राहिले आणि म्हटलं, "बायांनो, गुलिझारनं काही केलेलं नाही. ओंजळ मी टाकली होती."

मग कलिपानं वाडगं खाली ठेवलं. म्हणाली, "तू कधी टाकलीस? मी टाकली तेव्हा तर तू गाईपाशी होतीस."

"तू टाकलीस?"

"मी मीठ मागायला आले होते ना त्या सकाळी? घरात मीठ भरलेलं होतं माझ्या."

मग एकेक सुरू झाल्या. कुणी चाळण परत करायला आली होती, कुणी काड्यापेटी मागायला, कुणी नुसतंच "मेंढी व्याली का गं?" विचारायला. त्या सकाळी माझ्याकडे इतक्या जणी का येताहेत, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? प्रत्येकीला वाटत होतं आपण एकटीच. सभेत प्रत्येकीनं आपली ओंजळ आठवून हात वर केला होता. आम्ही आधी हसलो, वन्सं. पोट दुखेपर्यंत हसलो. मग एक म्हातारी पदर तोंडाला लावून रडायला लागली आणि मग सगळ्याच. ज्या आल्या नव्हत्या त्यांच्या घरी जाऊन विचारलं. एकूण एक. एकोणचाळीस घरं.

तिथून आम्ही तशाच गुलिझारच्या घराकडे निघालो. गहू भरलेल्या हातांनी. ती तिथे नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी पाय तिकडेच वळले. ते मी तुम्हाला लिहिलं नव्हतं. बिनालीनं फेब्रुवारीअखेर घर विकलं. तुर्कस्तानात बुर्साजवळ त्याचे चुलते आहेत, तिकडे गेले सगळे. सामान गाडीत चढत होतं तेव्हा मी खिडकीच्या पडद्याआड उभी होते. तुमचं पत्र तेव्हा वाटेतच होतं, पण खरं काय ते सांगायला मला तुमच्या पत्राची गरज होती का? चार पावलांवर होती ती. गेले असते तर गाडीतून सामान उतरलं असतं. मी गेले नाही. ती गाडी पुलापलीकडे गेल्यावर मला खरंच हलकं वाटलं, हेही लिहिते. त्याची लाज मरेपर्यंत पुरेल.

बायकांनी सांगितलंय, तिला शोधा. तिच्या पाया पडून सांगा, की आम्हा सगळ्यांचे हात मळलेले आहेत, गावात एकट्या तुझ्याच घरचे हात स्वच्छ होते आणि आम्ही तुलाच बाहेर काढलं. तिच्या वाट्याचं बियाणं आम्ही वेगळं ठेवू. घर विकत घेणाऱ्या माणसाशीही बोलू. तुमचे भाऊ म्हणतात प्रमुखपद सोडतो. मी म्हटलं, आधी माणसं परत आणा, मग काय ते सोडा.

बुरुल

*

मेर्सिन, २८ एप्रिल

वहिनी,

तुझ्यावर रागवायला बसले आणि जमलं नाही. तू एक शब्द लिहिलास. त्या शब्दाचं अख्खं नाव मी केलं, आणि तेही किती आनंदानं! चाळीस घरांतून मला तेच घर का आठवलं, याचा विचार करतेय. त्यांच्या परसात घेवडा होता म्हणून? घेवडा सगळ्यांच्या परसात होता. ते घर तुर्कांचं होतं, आपलं नव्हतं, म्हणून आठवलं. मी इथे परक्या देशात राहते, बाजारात माझं बोलणं ऐकून लोक वळून बघतात, तरी मला ते घर आठवलं.

जेमालसाहेबांकडे जाऊन लिहिलेलं मागे घेतलं. सगळं सांगितलं. नोकरी जाईल असं धरूनच गेले होते. ते म्हणाले, "म्हणजे मी एकोणचाळीस घरं काढू आणि गेलेलं एक ठेवू?" शेवटी बियाणं द्यायला कबूल झाले. या खेपेला पोती ट्रकमधून थेट शेतात उतरतील आणि कंपनीचा माणूस पेरणी होईपर्यंत त्यांच्यावर बसून राहील. बसू दे. माझी नोकरीही राहिली. मला त्याचं सुख झालं नाही.

बुर्साजवळ गुलिझारचं घर सापडलं. दोन खोल्या, खाली भंगाराचं दुकान. बिनाली सुतारकामाला जातो. मला पाहून तिनं दार लावलं नाही. चहा केला, तिच्या आईसारखाच, साखर वेगळी दातात धरायला दिली. मी माफी मागितली. ती म्हणाली, "बस आधी, प्रवास लांबचा आहे." मी तुझं पत्र वाचून दाखवलं. बायका हसल्याचं ऐकताना तीही हसायला लागली. नंतर तिच्याबद्दलचा भाग आला, तेव्हा तिचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं वाचायचं थांबवावं. तिनं ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "याचं उत्तर मी लिहिते. तू नको सांगूस."

ते सोबत आहे. मी उघडलेलं नाही.

असिलकान

*

बुर्सा

बुरुल बाजी,

तुम्हाला आणि सगळ्यांना सलाम. आम्ही बरे आहोत. बिनालीला काम आहे. मुलांना इथल्या शाळेत घेतलं. इथले लोक आम्हाला तुमच्यासारखंच किर्गिझ म्हणतात, ऐकून पहिल्यांदा हसूच आलं. तिथे गावात आम्ही तुर्क होतो.

तुमचं पत्र असिलकाननं वाचलं. तुम्ही लिहिलंत की सगळ्यांचे हात मळलेले आणि माझे एकटीचे स्वच्छ. तुम्ही प्रेमानं लिहिलंत, मला कळतं. पण बाजी, ते ऐकून मला जेवढं लागलं तेवढं सभेतही लागलं नव्हतं.

मीही टाकली होती.

रोजच्यासारखी दूध घेऊन आले तेव्हा. ओंजळ परकराच्या खिशात होती. माझा जन्म त्या गावातला आहे. तुमच्या सासूबाईंनी तुम्हाला शिकवलं तेव्हा मी पोर होते, तिथेच अंगणात खेळत होते, मीही ऐकलं होतं. माझ्या आईनंसुद्धा दर पेरणीला टाकली. आमच्या घराची बरकत काय दुसऱ्या शेतात जाणार होती? माझ्याकडे दुसरी शेतं होती कुठे?

सभेत मी बोलले नाही कारण मला वाटलं, खरंच माझ्यामुळे झालं. आजीचा घेवडा कडक असतो, शिजायला वेळ घेतो, मला ठाऊक आहे. बिनालीला मी सांगितलं नव्हतं. तो बिचारा खरं बोलत होता आणि मी त्याच्या शेजारी खाली मान घालून बसले होते. एकोणचाळीस घरांचं पीक मी बुडवलं, असं समजून मी घर विकू दिलं. रस्ताभर मुलांकडे बघवत नव्हतं मला. तुम्ही पडद्याआड होतात ते मी पाहिलं. मला वाटलं, तुम्हाला माझं तोंड बघायचं नाही.

आणि तुम्ही सगळ्या एकत्र बसलात, एकमेकींना सांगितलंत, पोट दुखेपर्यंत हसलात. त्या हसण्यात मी हवी होते, बाजी. मी असते तर कलिपापेक्षा मोठ्यानं हसले असते. तुम्ही ज्या आल्या नव्हत्या त्यांच्या घरी जाऊन विचारलंत, आणि माझ्याकडे निघालात ते न विचारताच. तुमच्यातल्या एकीलाही वाटलं नाही का, की गुलिझारनंसुद्धा टाकली असेल?

परत येणं आता होणार नाही. बिनाली नको म्हणतो आणि मुलांचंही आता दुसऱ्यांदा उखडणं नको. माझ्या वाट्याचं बियाणं कलिपाच्या थोरल्या सुनेला द्या, तिचं घर नवं आहे. माझ्या मनात राग नाही असं लिहिणार होते, पण थोडा आहे.

एकच करा. गावात पुढे कधी ही गोष्ट निघाली, आणि निघेलच, की किती घरांनी ओंजळ टाकली, तर एकोणचाळीस सांगू नका. चाळीस सांगा.

गुलिझार